नावाचे वतन

गेल्या पावसाळ्यात आमचा भाचा चार दिवसांच्या मुक्कामास म्हणून आला आणि आल्या संध्याकाळीच त्याने दिवाणखान्यातील टीव्हीला एक काळी पेटी जोडून तो टीव्ही, त्याच्यासमोरचा कोच आणि त्या कोचाचा अनेक वर्षांच्या वहिवाटीने माझा झालेला कोपरा, अशी तिन्ही ठिकाणे आपल्या ताब्यात घेतली. व्हिडिओ गेम या प्रकाराविषयी माझे मत प्रतिकूल आहे, हे त्याला त्याच्या मातुःश्रींकडून, म्हणजे माझ्या धाकट्या भगिनीकडून, आधीच कळलेले असावे, कारण मी चष्मा पुसून तोंड उघडण्यापूर्वीच तो म्हणाला, "मामा, हा साधासुधा गेम नाही. याची गोष्ट जॉर्ज मार्टिनने लिहिली आहे. 'गेम ऑफ थ्रोन्स'वाला!" झाले! कंपनी सरकारच्या अमदानीत एक दस्तक दाखविले की वाटेल तो माल जसा चौकीवरून बिनजकात सुटत असे, तशी त्या एका नावावर ती पेटी, तिच्या वायरींचा गुंता आणि दोन कंट्रोलर माझ्या घरच्या चौकीवरून सुटले. कादंबरीकाराच्या हातची वस्तू आहे असे सांगितल्यावर तिला सरस्वतीच्या दरबारातून हाकलून देण्याचे धैर्य, ज्याच्या स्वतःच्या कादंबरीच्या तीनशे प्रती अजून माळ्यावर आहेत, अशा माणसाला कोठून व्हावे? मी मुकाट्याने जेवणाच्या टेबलाजवळची खुर्ची ओढून बसलो आणि गोष्ट सुरू होण्याची वाट पाहू लागलो.

ती वाट मी दोन तास पाहिली.

'एल्डन रिंग' हे त्या गेमचे नाव. त्यातील नायक हा मुळातच एकदा हद्दपार होऊन मेलेला आणि काही दैवी कामगिरीसाठी पुन्हा उठविलेला असा इसम असून, उठल्यावर पाच मिनिटांच्या आत तो, अनेक हात असलेल्या एका प्राण्याकडून, पुन्हा मरतो. आणि हा मृत्यू खेळणाऱ्याच्या अकुशलतेचे फळ नसून निर्मात्यांनीच योजिलेला असतो, असे भाच्याने मला काहीशा अभिमानाने सांगितले. तेथून सुटून, एका गुहेतून बाहेर पडून, नायक मोकळ्या आकाशाखाली येतो तो पांढरा मुखवटा घातलेला एक गृहस्थ त्याला सामोरा येतो. आता काहीतरी कथानक निघणार म्हणून मी पुढे सरसावलो. परंतु त्या गृहस्थाने अत्यंत मृदू स्वरात नायकाला एवढेच सुनावले की, बाबा रे, तुझ्याजवळ तुला वाट दाखविणारी कुमारिका नाही, सबब तुझे पुढे काही खरे नाही. नेमक्या याच वेळी भाच्याचा मोबाइल वाजू लागला. त्यावर 'आई' अशी अक्षरे उमटली होती, आणि साताऱ्याच्या ज्या स्थळाविषयी ती गेले तीन दिवस विचारीत होती त्याविषयीच ती पुन्हा विचारणार, हे आम्हा उभयतांना ठाऊक होते. "घे ना," मी म्हणालो. "नाही घेता येत, मामा, हा गेम पॉज होत नाही," तो म्हणाला, आणि ते खरेच होते; या खेळाच्या कर्त्यांनी खेळणाऱ्याला उसंत घेण्याची सोयच ठेवलेली नाही. एकाच प्रश्नावरून टीव्हीने आणि टेलिफोनाने एकाच क्षणी घेरलेला असा तरुण मी यापूर्वी पाहिलेला नव्हता.

त्यानंतर आला तो घोडेस्वार. आपादमस्तक सोन्याने मढलेला, घोडाही तसाच, हाती लांब दांड्याचे शस्त्र. एका पडक्या देवळाच्या अलीकडे तो रस्त्यावर संथपणे फेऱ्या घालीत असतो आणि कोणी नवखा दृष्टीस पडला की पूर्वी आमच्या कचेरीतील शिरस्तेदार ज्या निर्विकारपणे अर्ज फेटाळीत त्या निर्विकारपणे त्याला चिरडून टाकतो. भाचा अकरा वेळा चिरडला गेला. प्रत्येक वेळी पडद्यावर तो मेल्याची तांबडी अक्षरे सावकाश उमटत आणि त्याने मिळविलेले द्रव्य तो पडला त्या जागी सांडून राही. परत जाऊन ते उचलावे, परंतु उचलण्यापूर्वी दुसऱ्यांदा मरण आले की सारी जमा कायमची बुडीत खाती, असा तेथील मुलकी कायदा आहे. शेवटी न राहवून मी विचारले, "अरे, पण मार्टिनने लिहिलेली गोष्ट कोठे आहे?"

त्याने खेळ न थांबविता, पडक्या देवळाच्या भिंतीआड उभे राहून, आपल्या जवळची सामानाची यादी उघडली आणि एका तलवारीवर बोट ठेवले. तिच्याखाली तीन ओळी होत्या. मग एका अंगरख्याखाली दोन. मग एका झाडपाल्याच्या औषधाखाली आणखी काही, ज्यात कोणा राणीचा आणि कोणत्याशा युद्धाचा ओझरता उल्लेख होता. "असे सगळे जोडत जायचे," तो म्हणाला. मी थक्क झालो. राजवाड्यांनी गावोगावच्या माळ्यांवरून आणि पोत्यांतून कागदांचे तुकडे गोळा करून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' सिद्ध केली, त्याबद्दल महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले हे योग्यच झाले. पण तीच हमाली पैसे मोजून, रात्रीच्या दीड वाजता, सुवर्णाच्या घोडेस्वाराचा मार खात स्वखुशीने करणारी तरुण पिढी निपजेल, हे त्या इतिहासाचार्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

मागाहून मी या प्रकरणाचा थोडा तपास केला, तेव्हा त्यात मार्टिनसाहेबांचा अंश किती आणि कोठे, हे उमगले. जपानातील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीचे अध्यक्ष आणि असे निर्दय गेम रचण्यात नामांकित असलेले हिदेताका मियाझाकी हे मार्टिन यांचे जुने वाचक. मिसिसिपी नदीवरील आगबोटी आणि रक्तपिपासू मंडळी यांची सांगड घालणारी 'फीव्हर ड्रीम' ही त्यांची १९८२ सालची कादंबरी मियाझाकींच्या विशेष आवडीची. त्यांनी मार्टिन यांना गळ घातली. परंतु गेमचे संवाद किंवा प्रसंग लिहा अशी नव्हे, तर गेम सुरू होण्याच्या हजारो वर्षे आधी त्या जगात काय काय घडले त्याची हकीकत लिहून द्या अशी. मार्टिन यांनी त्याप्रमाणे देवदेवता, त्यांची घराणी, त्यांचे हेवेदावे यांचा एक पुराणग्रंथ सिद्ध करून जपानकडे रवाना केला. तो हाती आल्यावर कंपनीने काय केले? ज्या दैवी कड्यावर त्या जगाची सारी व्यवस्था उभी होती ते कडे फोडले, मार्टिन यांच्या देवपुत्रांना आपसात लढवून वेडे, आंधळे, लुळे करून टाकले, एकाच्या अंगाला तर इतरांचे तोडलेले हातपाय कलम करून चिकटविले, आणि मग त्या उद्ध्वस्त मुलखात खेळणाऱ्याला नेऊन सोडले. म्हणजे एका नामवंत गवंड्याकडून वाडा बांधून घ्यावा, तो पाडावा, आणि मग गवंड्याचे नाव दिंडीदरवाजावर कोरून अवशेष पाहण्यास तिकीट लावावे, असा हा व्यवहार झाला. आमच्याकडे एखाद्या संपादकाने लेखातील एक परिच्छेद गाळला तर आम्ही सहा महिने त्याच्या घरचा चहा घेत नाही. मार्टिन यांनी मात्र श्रेयाचा मोठा भाग आपण होऊन मियाझाकी व त्यांच्या मंडळींकडे वळता केला. हा त्यांच्या स्वभावाचा थोरपणा खराच, आणि मला तर असेही वाटते की इतकी बुद्धिमान मोडतोड आपल्या लिखाणाच्या वाट्यास यावी हे भाग्य फार थोड्या लेखकांच्या ललाटी असते; बाकीच्यांच्या वाट्यास फक्त वाळवी येते.

पण लेखन हा या कथेचा लहानसा भाग. मोठा भाग नावाचा. ९ जून २०१९ रोजी लॉस एंजेलिस येथे मायक्रोसॉफ्टच्या जाहीर सोहळ्यात या गेमचा पहिला ट्रेलर दाखविण्यात आला. 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेचा शेवटचा भाग त्याच्या अवघे तीन आठवडे आधी, १९ मे रोजी, झालेला असून, त्या शेवटावर रुष्ट झालेल्या प्रेक्षकांचा संताप अद्याप निवाला नव्हता; तरीही, किंबहुना म्हणूनच, ते नाव त्या घडीला पृथ्वीवर जितके तापलेले होते तितके दुसरे कोणतेही नव्हते, आणि लोखंड तापले असता घाव घालावा हे प्रकाशक कंपनी बंदाई नामकोला कोणी शिकवावयास नको होते. ट्रेलरमध्ये अंधार होता, हातोडा मारणारी एक आकृती होती, आणि दोन नावे होती. गेम कसा खेळावयाचा, त्याचे एक क्षणभरही दर्शन नव्हते.

त्यानंतर कंपनीने जे मौन धरले ते थेट जून २०२१ पर्यंत. या दोन वर्षांत भक्तमंडळींची जी अवस्था झाली तिचे वर्णन करण्यास विरहिणींचे कवी हवेत. पाहण्यास काही नसल्यामुळे त्यांनी गेममधील राक्षस स्वतःच कल्पून काढले, त्यांना नावे ठेवली, त्यांना कसे मारावे याची एकमेकांत चर्चा केली, आणि ज्यांच्या अस्तित्वाची खुद्द मियाझाकींना वार्ता नव्हती अशा शत्रूंच्या हातून आपण कसे मेलो याच्या हकीकती सांगितल्या. आणि कडी म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात, सर्वाधिक प्रतीक्षा असलेला गेम म्हणून याच अदृश्य वस्तूस पारितोषिक मिळाले. पुढल्या वर्षी पुन्हा मिळाले. वाट पाहण्याबद्दल पारितोषिक असावे ही कल्पना मला इतकी आवडली की, आमच्या नगरपालिकेच्या नळाच्या अर्जासाठी ते कोठे मागता येईल याची मी चौकशी करणार होतो. अखेरीस, जानेवारीची मिती एक महिन्याने पुढे ढकलून, २५ फेब्रुवारी २०२२ रोजी गेम प्रसिद्ध झाला आणि तीन आठवड्यांच्या आत त्याच्या १ कोटी २० लाख प्रती खपल्या. माळ्यावरच्या त्या तीनशेंचा उल्लेख मी वर केलाच आहे.

मार्टिन यांच्या वाचकांस मात्र हा विजय संमिश्र वाटला. त्यांच्या महाकादंबरीचा पाचवा खंड २०११ च्या जुलैत निघाला. सहाव्याची, 'द विंड्स ऑफ विंटर'ची, वाट पाहता पाहता शाळेतली मुले वकील झाली आणि वकील न्यायाधीश. अशा वेळी ज्याच्याकडे आपला ऐवज अडकला आहे तो सावकार दुसऱ्या गावच्या उत्सवात अध्यक्षस्थानी बसलेला दिसावा, त्यातलाच हा प्रकार. गेमचे आपले काम आपण कित्येक वर्षांपूर्वीच उरकले, असे मार्टिन यांनी सांगून पाहिले. त्यावर, मग आमचेच तेवढे का उरकत नाही, असा प्रतिप्रश्न साहजिकच निघाला. आणि या साऱ्यात एक गोष्ट अशी की, जिच्यापुढे मला हात जोडावेसे वाटतात: ज्यांचे नाव अत्याधुनिक यंत्रांवर चालणाऱ्या या गेमच्या कपाळावर झळकते, ते हे गृहस्थ स्वतः आपल्या कादंबऱ्या डॉसवर चालणाऱ्या जुन्या संगणकावर, वर्डस्टार ४.० मध्ये लिहितात. म्हणजे विमानाच्या जाहिरातीसाठी बैलगाडीवाल्याची सही.

नावाचा महिमा येथेही संपला नाही. गेम हातोहात पसरल्यावर चाणाक्ष खेळाडूंच्या ध्यानात आले की गॉड्रिक, गॉडफ्री, राडान, रेनाला, रायकार्ड, मारिका, मलेनिया, मिकेला अशी त्यातील थोर पात्रांची नावे ग, र आणि म यांवरच येतात. आणि जॉर्ज, रेमंड, रिचर्ड, मार्टिन ही कर्त्याचीच आद्याक्षरे नव्हेत काय? ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची आद्याक्षरे जुळवून काहीबाही सिद्ध करणारे आमच्याकडील विद्वान हे ऐकून हळहळले असतील. मार्टिन यांनी या शोधाचे जे खंडन केले ते मला फार पटले: गेमवर माझे नाव उघड उघड असताना ते आत लपविण्याचे मला कारण काय? खरेच आहे. ज्याच्या नावे सनद आहे तो जमिनीत नाव पुरून कशाला ठेवील?

मला हे पटावे याला खासगी कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक प्रकाशक माझ्याकडे आले आणि आपण काढीत असलेल्या एका नवोदित लेखकाच्या पुस्तकास प्रस्तावना लिहाल का, असे त्यांनी विचारले. मी विनयाने म्हणालो की हस्तलिखित पाहून सांगतो. तेव्हा त्यांनी पिशवीतून हस्तलिखिताऐवजी पुस्तकाचे छापून तयार असलेले वेष्टन काढले; त्यावर लेखकाचे नाव बारीक टाइपात होते आणि 'प्रस्तावना' या शब्दापुढे माझे नाव ठळक टाइपात होते. "मजकूर सावकाश द्या," ते म्हणाले, "घाई नाही." मजकूर मी दिला तेव्हा पुस्तक बाजारात जाऊन दोन महिने झाले होते, आणि प्रस्तावना आवडल्याची चार पत्रे मला आलेली होती. त्या दिवसापासून माझी अशी धारणा आहे की नाव हे एक वतन आहे: जमीन कोणी का कसेना, पीक येवो न येवो, वतनदाराचा पानसुपारीचा मान चुकत नाही.

सर्वच वतनदार मार्टिन यांच्याइतके सुदैवी मात्र नसतात. रेमंड फीस्ट या कादंबरीकाराच्या सृष्टीवर १९९३ साली 'बिट्रेयल अ‍ॅट क्रॉन्डर' नावाचा गेम निघाला. तो लिहिला दुसऱ्यांनीच, पण फीस्टच्या शैलीची नक्कल इतकी हुबेहूब साधली की खेळणाऱ्यांना तो फीस्टचाच वाटे. आणि पाच वर्षांनी खुद्द फीस्ट यांनी त्या गेमवरून कादंबरी लिहिली, म्हणजे स्वतःच्या नकलेची नक्कल स्वहस्ते करून दस्तऐवज रीतसर केला. आर. ए. साल्व्हातोरे यांची गोष्ट अधिक करुण आहे. कर्ट शिलिंग या प्रख्यात बेसबॉलपटूने २००६ साली काढलेल्या ३८ स्टुडिओज या कंपनीसाठी त्यांनी एका काल्पनिक जगाचा दहा हजार वर्षांचा इतिहास रचून दिला, आणि तो आकडा जाहिरातीत मोठ्या दिमाखाने मिरवला. ऱ्होड आयलंड संस्थानाने, म्हणजे राज्याने, कंपनीस साडेसात कोटी डॉलरांच्या कर्जाची हमी दिली. 'किंग्डम्स ऑफ अ‍ॅमलर' हा गेम २०१२ च्या फेब्रुवारीत निघाला, मे महिन्यात सर्व नोकरवर्गास घरी पाठविण्यात आले, जूनमध्ये दिवाळे. दहा हजार वर्षांची बखर पदरी बाळगणाऱ्या संस्थेचा स्वतःचा इतिहास सहा वर्षांत आटोपला, आणि कर्जाचे ओझे कल्पसृष्टीतील नव्हे तर ऱ्होड आयलंडच्या रयतेच्या मानेवर आले.

परंतु या मालिकेतील माझे सर्वांत लाडके पात्र म्हणजे पोलंडचे आंद्रेय सापकोव्स्की. यांनी 'विचर'च्या कथा १९८६ पासून लिहिल्या, त्या पोलंडमध्ये घरोघर पोहोचल्या, आणि मग सीडी प्रोजेक्ट ही कंपनी गेमचे हक्क मागण्यास आली तेव्हा या कादंबरीकाराने मनाशी हिशेब केला की, असल्या पोरखेळातून यांना काय मिळणार आणि त्यातला हिस्सा मला काय मिळणार? त्यांनी नफ्यातील भागी नाकारून सारी रक्कम एकदम रोख मागितली. ती सुमारे ३५ हजार झ्लॉटी होती असे सांगतात. पुढे गेम जगभर कोट्यवधींनी खपला. पुस्तकांच्या परदेशी आवृत्त्यांवर गेममधील चित्रे आली, ती पाहून लोकांना वाटू लागले की या गृहस्थाने एका लोकप्रिय गेमवरून कादंबऱ्या पाडल्या असाव्यात. आणि ज्याने सारे निर्माण केले त्यालाच, आधी मी, मग गेम, असे सांगत फिरण्याची पाळी आली. मार्टिन यांचे नाव गेम खपविते; येथे गेम मूळ धन्याचे नाव खपवू लागला, आणि धन्यास ते मुळीच रुचेना. आपण त्या वेळी मूर्खपणा केला, अशी कबुली त्यांनी मुलाखतीत मोकळेपणाने दिली, जी देण्यास आमच्याकडे माणसे आत्मचरित्राची वाट पाहतात. २०१८ साली त्यांच्या वकिलांनी कंपनीकडे ६ कोटी झ्लॉटींहून अधिक रकमेची मागणी रुजू केली, आणि २०१९ च्या डिसेंबरात उभयपक्षी नवा करार होऊन प्रकरण मिटले. मला या म्हाताऱ्याविषयी आदर वाटतो. कलेवर पुष्कळांचा विश्वास असतो. रोख पैशावर इतका निखालस विश्वास ठेवून इतका सपशेल फसलेला कलावंत विरळा.

हे सर्व मी तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना भाच्यास ऐकविले, आणि त्याने ते बहुतांशी ऐकलेही. घोडेस्वार अजून मेलेला नव्हता. त्याला वळसा घालून भाचा मुलूखभर हिंडून आला होता आणि नऊ हजारांवर द्रव्य साठवून त्या पडक्या देवळात परतला होता, सकाळी तेथील व्यापाऱ्याकडून काही खरेदी करावी या बेताने. तो झोपावयास गेला. पेटीचा दिवा चालूच होता. आता, ज्या वस्तूवर मी मनातल्या मनात एक लेख अर्धा रचला होता तिला हात न लावता मत देणे हे अप्रामाणिकपणाचे ठरेल, एवढ्याच सद्हेतूने मी कोचाच्या माझ्या जुन्या कोपऱ्यात बसून कंट्रोलर हाती घेतला आणि देवळाबाहेर चार पावले टाकली. घोडेस्वाराने मला लांबूनच ओळखले असावे. पहिल्या मरणात नऊ हजार रस्त्यावर सांडले, हे माझ्या लक्षात आले. ते उचलण्यासाठी मी तातडीने परत गेलो, हे दुसरे मरण.

सकाळी चहाच्या वेळी भाचा टीव्हीसमोर बराच वेळ स्तब्ध बसलेला होता.

"मामा," तो शेवटी म्हणाला, "रात्री तुम्ही खेळलात?"

मी वर्तमानपत्र किंचित उंच धरले. "छे, छे," मी म्हणालो, "माझी केवळ प्रस्तावना. पुढचा मजकूर त्या घोडेस्वाराचा."